छोटा डेस्कटॉप घेताना आधी झाकण उघडते का ते पाहा

सुट्टी जवळ आली की आमच्या डॉर्मिटरीत एक विषय हमखास निघतो: घरी संगणक घ्यायचा तर कोणता? बहुतेक जण लॅपटॉपचे नाव घेतात. माझे मत छोट्या डेस्कटॉपच्या बाजूने आहे. आमच्यासारख्या घरांत दर दोन-तीन वर्षांनी बदली ठरलेली. संगणक मी फक्त सुट्टीत वापरणार, धाकटी बहीण वर्षभर. तो ट्रंकेच्या कोपऱ्यात मावला पाहिजे आणि दोघांचे शिक्षण होईपर्यंत चालला पाहिजे.

अशा डब्यांत दोन जाती आहेत. पहिलीचे उत्तम उदाहरण म्हणजे २०२४ चा एम४ मॅक मिनी. लांबी-रुंदी पावणेतेरा सेंटिमीटरच्या आत, उंची पाच. वेग जबरदस्त, आवाज जवळजवळ नाहीच. भारतात तो आला तेव्हा १६ जीबी मेमरी आणि २५६ जीबी साठवणुकीच्या मॉडेलची किंमत ५९,९०० रुपये होती. २४ जीबी आणि ५१२ जीबीचे मॉडेल मात्र ९९,९०० रुपयांना. म्हणजे ८ जीबी मेमरी आणि २५६ जीबी जागा वाढवण्यासाठी ४०,००० रुपये, मूळ किमतीच्या दोनतृतीयांश! साठवण कमी पडली तर बाहेरून एसएसडी जोडता येते. मेमरी मात्र प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये बसवलेली असते. तिथून वेग मिळतो हे खरे, पण ती नंतर वाढवता येत नाही. पाच वर्षांनी काय लागेल, ते खरेदीच्या दिवशीच ठरवावे लागते.

दुसरी जात ऑफिसांतून बाहेर पडणाऱ्या, साधारण एक लिटर आकाराच्या डब्यांची. उदाहरणार्थ २०१८ चा लेनोवो थिंकसेंटर एम९२०क्यू. मागचा एक स्क्रू काढला की झाकण सरकते. आत लॅपटॉपच्या मेमरीचे दोन स्लॉट, एम.२ एसएसडीची जागा आणि अडीच इंची डिस्कचा कप्पा. आज ८ जीबीवर सुरुवात करा, पुढे दुसरी पट्टी घाला. ही डीडीआर४ पट्टी लहान स्टेशनवरच्या दुकानातही मागवता येते.

पण या जातीत डोळे उघडे ठेवावे लागतात. त्याच्याच आधीचा एम९१०क्यू बाहेरून जवळपास तसाच दिसतो, पण त्यात सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असतो. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागते, आणि विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. एक पिढी मागचा डबा स्वस्त मिळाला तरी तो मला महागच वाटतो. शिवाय या डब्यांना वेगळा अडॅप्टर लागतो आणि नेहमीच्या आकाराचे ग्राफिक्स कार्ड आत मावत नाही.

कोणी म्हणेल, जुन्या यंत्राला मेमरी घालून ते एम४ च्या वेगाला पोहोचणार आहे का? नाही पोहोचणार. ज्याला व्हिडिओ संपादन करायचे आहे, त्याने मॅक मिनी जरूर घ्यावा आणि लागेल तेवढी मेमरी पहिल्याच दिवशी घ्यावी. पण एनडीएची तयारी, पीडीएफ, ऑनलाइन तास आणि पायथनचा अभ्यास एवढ्यासाठी सहा कोअरचा आठव्या पिढीचा आय५ पुरतो. उरलेल्या पैशांत चांगला मॉनिटर येतो आणि तो पुढच्या संगणकालाही चालतो.

दुसरेही एक कारण आहे. शाळेत आम्ही आपले किट स्वतः सांभाळतो. संगणकाचे झाकण उघडून धूळ काढणे, पट्टी बदलणे हे दहावीतल्या कॅडेटलाही जमते. बिघाड कळतो, दुरुस्तीची भीती जाते. बंद डब्यातून ही शिकवण मिळत नाही.

म्हणून पालकांना माझी विनंती: दुकानात किमतीआधी तीन गोष्टी विचारा. मेमरी नंतर वाढते का? एसएसडी नेहमीच्या मापाची बसते का? प्रोसेसर कितव्या पिढीचा? आणि उत्तरे तोंडी न घेता बिलावर मॉडेल क्रमांकासह लिहून घ्या.