लिफाफा फुटण्याआधीच ठरलेले कंत्राट

तेंदूपत्त्याचा हंगाम जवळ आला की गडचिरोली जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा व्यापाऱ्यांना बोलावतात. पेसा आणि वनहक्क कायद्याने मिळालेल्या अधिकारात त्या स्वतःच पत्ता विकतात. दर सगळ्यांसमोर बोलला जातो आणि कोणाला का दिले, हे पत्ता तोडणाऱ्या बाईलाही कळते. त्याच बाईच्या गावचा रस्ता, मोरी किंवा माजी मालगुजारी (मामा) तलावाची दुरुस्ती कोणाच्या पदरात पडली आणि का, हे मात्र तिला कोणी सांगत नाही. गावात यंत्रसामग्री पोचते, तेव्हाच कंत्राटदाराचे नाव कळते.

ई-निविदा आल्यावर हे थांबेल, असे सांगितले गेले. थोडेफार थांबलेही, निविदा पेटीत टाकू न देण्याची दांडगाई आता चालत नाही. पण संगणक फक्त आकडे लावतो. आधी तांत्रिक लिफाफा उघडतो आणि त्यात पात्र ठरलेल्यांचाच दर पुढे पाहिला जातो. ही पात्रता माणसेच ठरवतात. डांबर प्लांट अमुक किलोमीटरच्या आत हवा, अमुकच प्रकारच्या कामाचा अनुभव हवा, जागा पाहिल्याचा अभियंत्याच्या सहीचा दाखला हवा, अशा अटी लिहिल्या गेल्या की स्पर्धा कागदावरच उरते. मग छाननी येते. एकाच्या प्रतिज्ञापत्रावरचा शिक्का पुसट म्हणून तो बाद होतो आणि दुसऱ्याला त्याच त्रुटीसाठी पूर्ततेची मुदत मिळते. ‘मॅनेज’ हा शब्द कंत्राटदारांच्या तोंडी किती सहज असतो, हे इथल्या कोणत्याही चहाच्या टपरीवर ऐकावे.

पात्रतेच्या या खेळाचे आरोप मोठ्या कामांवरही झाले. वैनगंगेच्या वरच्या अंगाला गोसीखुर्द सिंचन प्रकल्प आहे. 1988 मध्ये पायाभरणी झालेल्या या प्रकल्पाच्या कामांत निविदेच्या किमती नियमबाह्य फुगवल्या आणि अपात्र कंत्राटदारांना पूर्वअर्हतेत पात्र ठरवले, अशा आरोपांवरून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हे नोंदवले. न्यायालयात काय टिकायचे ते टिकेल. शेतकऱ्याची पाण्याविना गेलेली वर्षे मात्र कोणत्याही निकालाने भरून येणारी नाहीत.

कायदा तर जुनाच आणि स्पष्ट आहे. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाचे कंत्राट अनुभवाची अट पूर्ण न करणाऱ्याला दिले गेले, तेव्हा 1979 मध्ये रमणा दयाराम शेट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, शासनाने स्वतः घातलेली अट शासनालाच बांधते. ती एकासाठी सैल करता येत नाही. तरीही ते कंत्राट रद्द झाले नाही. अर्जदार उशिरा आला होता आणि कंत्राटदाराने तोवर पैसा घातला होता. आमच्या मते या निकालातला सर्वात महत्त्वाचा धडा हाच आहे. कार्यारंभ आदेश निघाल्यावर मिळालेला न्याय बहुधा पुस्तकातच राहतो. बाद झालेल्याला कारण कळायला हवे ते दराचा लिफाफा उघडण्याआधी.

निःपक्षपातीपणा म्हणजे सर्वात कमी आकड्यावर डोळे मिटून शिक्का मारणे, असाही एक समज आहे. तो तितकाच घातक आहे. अंदाजपत्रकापेक्षा पंचवीस टक्के कमी, म्हणजे ‘बिलो’ दर भरणारा डांबर कुठून आणणार, हे विचारले गेलेच पाहिजे. फार कमी दर भरणाऱ्याकडून जादा अनामत घेण्याची तरतूद आहे. पण अनामतीने रस्त्याची जाडी वाढत नाही. ग्रामसभांनाही याची झळ बसली आहे, उलट्या बाजूने. 2017 मध्ये तेंदूचे दर भरमसाट चढले आणि त्या जुलैत जीएसटी आला. तेव्हा तो पत्त्यावर 18 टक्के, विडीवर 28 टक्के होता. पुढच्या हंगामात बाजार कोसळला आणि काही गावांची रक्कम व्यापाऱ्यांकडे अडकली. ऐपत न तपासता चढ्या बोलीला भुलण्याची किंमत उन्हात सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधणाऱ्या कुटुंबांनी मोजली. म्हणून बोली उघड व्हावी, आणि बोलणाऱ्याची पत व पूर्वीची कामेही तितक्याच उघडपणे तपासली जावीत.

कोनसरीचा पोलाद प्रकल्प आणि सुरजागडच्या खनिजाची वाहतूक यांमुळे या भागात रस्त्या-पुलांची कामे वाढतच जाणार. जिल्हा परिषद आणि बांधकाम विभागाने तीन गोष्टी आताच कराव्यात. कामाच्या गरजेशी संबंध नसलेली अट कोणी सुचवली आणि का, हे नस्तीत लिहावे. तांत्रिक छाननीचा तक्ता, प्रत्येक बाद निविदेच्या कारणासह, मराठीत पंचायत समितीच्या फलकावर लावावा. आणि दराचा लिफाफा उघडण्याआधी हरकतीसाठी किमान सात दिवस द्यावेत. यासाठी नवा कायदा लागत नाही की निधीही लागत नाही. मुख्य कार्यकारी अधिकारी आणि कार्यकारी अभियंता यांचे एकेक परिपत्रक पुरते. पुढच्या निविदा निघण्याआधी ते निघावे.