ट्रेलर कुठल्या मशीनवरचा आहे, ते आधी विचारा

सेल लागला की मेसेज यायला लागतात. ‘अमुक गेम आता प्लेस्टेशनवर आलाय, घेऊ का?’ ‘तमुक स्विचवर आलाय, घेऊ का?’ विचारणाऱ्यांत कॉलेजची पोरं असतात, तसे पोराच्या हट्टापायी चार-पाच हजार मोजायला निघालेले आईबापही असतात. सगळ्यांना माझा एकच उलट प्रश्न असतो: तुमच्या घरात जे मशीन आहे, नेमक्या त्याच मशीनवर तो गेम चालताना पाहिलाय का? नसेल, तर पैसे खिशातच राहू द्या.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. गेम बहुतेक वेळा एखादं ताकदवान मशीन डोळ्यांसमोर ठेवून बनतो आणि मग इतर मशीनवर चालावा म्हणून त्यात बदल केले जातात. या दुसऱ्या अवताराला पोर्ट म्हणतात. नाव तेच, कव्हरवरचं चित्र तेच, पुष्कळदा किंमतही तीच. आत काय शिल्लक राहिलंय ते मात्र कव्हर सांगत नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे सायबरपंक २०७७. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीचा हा गेम १० डिसेंबर २०२० ला आला. येण्याआधीच ८० लाख प्री-ऑर्डर झाल्या होत्या. समीक्षकांना आधी मिळाली ती फक्त पीसीची प्रत, आणि तीही स्वतःचं चित्रण दाखवायचं नाही या अटीवर. त्यामुळे परीक्षणं छान आली. मग लोकांनी तो साध्या प्लेस्टेशन ४ वर लावला. पात्रांचे चेहरे धूसर, गेम मध्येच बंद पडणार, गर्दीच्या रस्त्यावर सेकंदाला जेमतेम वीस फ्रेम, कधी त्याहूनही कमी. जुन्या कन्सोलवर गेम कसा दिसतो हे आधी दाखवलं नाही, याबद्दल चार दिवसांत कंपनीने माफी मागितली. आठवड्याभरात सोनीने तो गेम आपल्या डिजिटल दुकानातून काढून टाकला आणि लोकांचे पैसे परत द्यायला सुरुवात केली. तो परत दुकानात आला थेट जून २०२१ मध्ये.

लोक म्हणतात, पुढे सुधारला की! सुधारला, खरंय. पण कुणासाठी? सप्टेंबर २०२३ ची ज्या २.० अपडेटने गेमचा कायापालट केला, ती आली पीसी आणि नव्या पिढीच्या कन्सोलसाठी. प्लेस्टेशन ४ वाल्यांच्या वाट्याला शेवटचा मोठा बदल आला २०२२ मध्ये, नंतर राम राम. ज्यांनी पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजले, त्यांनाच पूर्ण झालेला गेम मिळाला नाही. अमेरिकेत या प्रकरणी दावाही लागला आणि १८.५ लाख डॉलरवर मिटला. तो गुंतवणूकदारांनी लावला होता हं, खेळणाऱ्यांनी नव्हे!

म्हणून पोर्ट म्हटलं की नाक मुरडायचं का? अजिबात नाही. याच कंपनीचा विचर ३ हा अवाढव्य गेम ऑक्टोबर २०१९ मध्ये निन्टेंडो स्विचवर आला. स्विच म्हणजे हातात मावणारं, तेव्हाच्या मोठ्या कन्सोलपुढे अगदी दुबळं मशीन. टीव्हीला जोडलं तर चित्र जास्तीत जास्त ७२० ओळींचं आणि हातात धरलं तर ५४० ओळींचं, म्हणजे झाडंझुडपं पुसट दिसणारच. पण दोन्ही विस्तारांसकट अख्खा गेम ३२ जीबीच्या एका कार्डावर होता. आणि तो स्विचवर कसा दिसतो हे लोकांना आधी बघायला मिळालं होतं. गाडीत, गच्चीवर, अंथरुणात पडून खेळायचंय आणि धूसर चित्र चालतंय, अशा माणसाने तो घेतला आणि खूश झाला. ज्याच्याकडे पीसी होता त्याने नाही घेतला. सौदा असा असावा: काय कमी आहे ते माहीत, त्या बदल्यात काय मिळतंय तेही माहीत.

किंमतीचंही बघा. रेड डेड रिडेम्पशन मूळचा २०१० चा. ऑगस्ट २०२३ मध्ये तो प्लेस्टेशन ४ आणि स्विचवर आला, तेव्हा किंमत होती ५० डॉलर, आणि मूळ गेममध्ये असलेली ऑनलाइन खेळायची सोय गायब. गेम उत्तमच आहे, मला फार आवडतो. पण तेरा वर्षं जुना माल एक भाग काढून या भावात विकणं, याला आपल्याकडे काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. असा पोर्ट अर्ध्या किंमतीत येईपर्यंत थांबायला काही हरकत नाही. गेम काही नासत नाही.

आता मुख्य मुद्दा, पैसे परत मिळण्याचा. पीसीवर स्टीममधून घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. दोन तासांत पोर्ट धड आहे की नाही ते कळतं. प्लेस्टेशनच्या डिजिटल दुकानातही मुदत चौदा दिवसांचीच, पण डाउनलोड सुरू केलं की हक्क संपला, गेम सदोष निघाला तरच अपवाद. डाउनलोड केल्याशिवाय दोष दिसणार कसा? आणि सदोष कशाला म्हणायचं, हे दुकानदारच ठरवणार!

ऑस्ट्रेलियाने हे चालू दिलं नाही. तिथल्या ग्राहक आयोगाने सोनीच्या युरोपातल्या कंपनीला कोर्टात खेचलं. गेम डाउनलोड झाला किंवा चौदा दिवस उलटले म्हणून सदोष गेमचे पैसे नाकारता येतात, असं ग्राहकांना सांगणं ही दिशाभूल ठरली आणि २०२० मध्ये ३५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला.

आपल्याकडे कायदा नाही असं समजू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनं स्पष्टपणे घेतली आहेत. सदोष माल परत घेऊन बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. पण गेमच्या बाबतीत हे करतो कोण? पाच हजारांसाठी कोण तारखा घालणार, म्हणून आपण गप्प बसतो आणि कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे.

माझी मागणी साधी आहे. ज्या मशीनसाठी गेम विकताय, त्याच मशीनवरचं चित्रण विक्रीच्या पानावर दाखवा आणि दोन तास खेळून परत करायची मुभा कन्सोलवरही द्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मनावर घेतलं तर हे अशक्य नाही.

तोवर प्री-ऑर्डर करू नका. जमेल तिथे डिस्क घ्या. नाही आवडला तर लॅमिंग्टन रोडवर किंवा मित्राला विकून निम्मेअधिक पैसे सुटतात, डिजिटल प्रत मात्र कुणाला विकता येत नाही. स्विच २ वाल्यांनी डबीवर ‘गेम-की कार्ड’ लिहिलंय का ते बघा. तसल्या कार्डावर गेम नसतोच, फक्त किल्ली असते, बाकी सगळं डाउनलोड करावं लागतं. गंमत म्हणजे २०२५ मध्ये सायबरपंक स्विच २ वर आला, तो ६४ जीबीच्या कार्डावर पूर्णच्या पूर्ण.

आणि सदोष गेमचे पैसे अडले, तर १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोला. तक्रार क्रमांक मिळाला की तो इथे कमेंटमध्ये टाका, आपण यादी करू.