पोरगं जगलं, मग हृदयाचं काय?

मागच्या रविवारी तोरणा केला. उतरल्यावर वेल्ह्यात (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण जुनी सवय!) नेहमीच्या मावशींकडे पिठलं-भाकरी. त्यांच्या ११ वर्षांच्या नातवाला टाइप वन डायबेटिस आहे. इन्सुलिनची बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात. आमच्यातला एक दिवटा बोललाच, "मावशी, चॉकलेटं कमी द्या त्याला!"

मंडळी, टाइप वन गोड खाऊन होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इन्सुलिन मिळालं. त्याआधी हा आजार म्हणजे मरणच. आता पोरं जगतात, आणि "इन्सुलिन चालू आहे ना, मग झालं" म्हणून आपण मोकळे होतो. माझं भांडण या "मग झालं"शी आहे.

साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की काही मुलांत किशोरवयातच मानेतल्या रोहिणीची भिंत जाड व्हायला लागते. रक्तवाहिन्या ताठर होतात, दोन ठोक्यांच्या मध्ये हृदयाचा डावा कप्पा नीट सैल पडत नाही. दुखत काहीच नाही. पोरगं क्रिकेट खेळत असतं! लॉगमध्ये वॉर्निंग साठताहेत आणि सर्व्हर चालू आहे म्हणून आपण खूश, तशातली गत.

अमेरिका-कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात टाइप वनच्या १४४१ रुग्णांवर अभ्यास झाला. नंतर दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली. तरीही २००५ साली हिशेब केला तेव्हा सुरुवातीला साखर काटेकोर सांभाळलेल्यांत हृदयविकाराच्या घटना ४२ टक्क्यांनी कमी. म्हणजे सुरुवातीची वर्षं शरीर विसरत नाही.

आणि आपण? मधुमेहाची सरकारी सरसकट तपासणी वयाच्या तिशीपासून. या पोराची तिशी यायला १९ वर्षं आहेत.

"भोर-वेल्ह्यात इको मशीन कुठून आणणार?" असं कुणीतरी म्हणेलच. अहो, आधी स्ट्रिप्स आणा! एक साधारण १५-२० रुपयांना, दिवसाला चार, म्हणजे महिन्याला दोनेक हजार. मावशी म्हणाल्या, "इन्सुलिनचं भागतंय कसंबसं, पट्ट्या कुठनं आणायच्या? आठवड्यातनं दोनदा बघतो." साखर न मोजता इन्सुलिन टोचणं म्हणजे अंदाजपंचे. सोबत दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी, ठरलेल्या वेळी रक्तदाब, लघवीतलं प्रथिन, कोलेस्टेरॉल. यात रॉकेट सायन्स काय आहे? हे तालुक्यालाच व्हायला हवं. तपासणीसाठी पुण्याला साठेक किलोमीटर यायचं म्हणजे घरातल्या एकाची मजुरी बुडते.

आपल्या कंपन्या सीएसआरच्या नावाखाली गडांच्या पायथ्याशी झाडं लावतात, टी-शर्ट घालून फोटो काढतात. झाडं लावाच. पण त्याच बजेटमध्ये दोन तालुक्यांतल्या अशा मुलांच्या वर्षभराच्या स्ट्रिप्स बसतात का, हे एकदा एक्सेलमध्ये मांडून तरी बघा.

असो. चॉकलेटवाल्या मित्राचा काल मेसेज आला, "त्याचा मीटर कुठल्या कंपनीचा आहे? स्ट्रिप्स त्याच लागतात म्हणे."

हा प्रश्न आम्ही त्या दिवशी भाकरी खातानाच विचारायला हवा होता.