भाकरीचा तुकडा मोडायला कोण शिकवणार?

प्रति,
माननीय वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



मी नांदेडची. भाग्यनगर भागात नीटच्या पोरांची मेस चालवते. दुपारी साठ डबे, रात्री साठ. या पोरांना वाढता वाढता वैद्यकीय प्रवेशाचा सगळा हिशेब मला तोंडपाठ झालाय. पसंतीक्रमात सगळ्यांत वर एमबीबीएस, मग बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, त्याखाली बीपीटीएच आणि अगदी तळाला, भरलंच तर, बीओटीएच. गेल्या वर्षी एकानं विचारलं, "काकू, हे बीओटीएच म्हणजे काय हो?" म्हटलं, "थांब, दाखवते." आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला त्याच्याशेजारी जेवायला बसवलं.

माझा मुलगा स्वमग्न आहे. तो वाचतो, मोजकं बोलतो. गॅसची टाकी कोणत्या तारखेला लावली ते मला त्यालाच विचारावं लागतं. पण भाकरी मोडता येत नाही. ज्वारीची भाकरी एका हातानं मोडणं हे केवढं काम आहे, ते आपल्या कधी ध्यानातच येत नाही. कड अंगठ्यात आणि बोटांत धरायची, बाकीची भाकरी उरलेल्या बोटांनी ताटाला दाबून ठेवायची, मनगट जरासं फिरवायचं, तुकडा सुटला की त्याचा चमचा करून वरणात बुडवायचा आणि सांडू न देता तोंडापर्यंत न्यायचा. माझा मुलगा आधी भाकरीकडे बघत राहतो. मग दोन्ही हातांनी उचलून ओढतो. अर्धी हातात राहते, अर्धी ताटाबाहेर जाते. तो ती परत ताटात ठेवतो आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसतो. त्या दिवशी नीटच्या त्या पोरानं स्वतःचं जेवण थांबवून त्याला घास करून दिले. पुढं काही विचारलं नाही.

शर्टाची बटणं, चपलेचा पट्टा, पट्टीनं रेघ मारणं, जिना उतरणं, सगळीकडे हीच गत. चेंडू अंगावर आला की तो डोळे मिटून घेतो. शाळेनं आळशी म्हटलं. एका डॉक्टरांनी "मोठा झाला की जमेल" म्हणून परत पाठवलं. ताकद कमी असेल म्हणून वर्षभर फिजिओथेरपीला नेलं. पण दहा किलो तांदळाची पिशवी तो स्वयंपाकघरापर्यंत ओढत आणतो. शेवटी त्या फिजिओथेरपिस्टनंच सांगितलं, की ताई, याचे स्नायू ठणठणीत आहेत. काय करायचं ते याला कळतं, पण कशामागून काय करायचं तो क्रम लागत नाही. तुम्ही ओटीकडे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीकडे जा. बीओटीएचला शिकवतात तीच ही.

आता ही ओटी शोधणं म्हणजे एक वेगळीच कथा. दवाखान्याच्या खिडकीवर "ओटी कुठंय?" विचारलं तर थेट ऑपरेशन थिएटरची वाट दाखवली. घरी सासूबाईंना वाटलं कुणाची तरी ओटी भरायची आहे. शुद्ध मराठीत 'व्यवसायोपचार' म्हणून पाहिलं, तर जाऊबाई म्हणाल्या, "एवढ्या लहानपणी दुकान टाकायला शिकवतात का?" नावाचीच ही तऱ्हा, तर माणूस कुठून सापडणार! नांदेडात ज्यांच्यापर्यंत मी पोचले त्यांच्याकडे आठवड्याचे सगळे तास भरलेले. अखेर पुण्यात नातेवाइकांकडे दहा दिवस राहिले.

त्या दहा दिवसांत एक मुलगी, असेल पंचविशीची, माझ्या मुलासमोर जमिनीवर बसली. बटण काजात जवळजवळ सगळं तिनंच घातलं, फक्त शेवटचं ओढायचं त्याच्यावर सोडलं. त्यानं ओढलं. लागलं! चार दिवस तेवढंच. मग एक पायरी मागं: आता अर्धं बाहेर आलेलं बटण त्यानं धरायचं आणि ओढायचं. काम शेवटाकडून शिकवायचं, म्हणजे दर वेळी पोराच्या हातून काम पुरं होतं आणि त्याची हिंमत टिकते. मला तिनं घरचा अभ्यास दिला तोही माझ्याच मेसमधला: सकाळी कणीक तिंबायला बसवा, ओले कपडे पिळायला द्या, भुईमुगाच्या शेंगा फोडायला द्या. जोर लावावा लागणाऱ्या कामातून हाताला आपण कुठं आहोत, किती जोर लावतोय, ते उमजतं म्हणाली. मी इतकी वर्षं त्याला या सगळ्यांपासून लांब ठेवत होते, सांडतो म्हणून.

हे माझ्या एकटीचं गाऱ्हाणं नाही. अमेरिकेत संशोधक अंजना भट यांनी 11 हजारांहून अधिक स्वमग्न मुलांच्या पालकांनी भरलेल्या प्रश्नावल्या तपासल्या. 2020 साली तो अभ्यास छापून आला. सुमारे 87 टक्के मुलांत हालचालींच्या समन्वयाची अडचण असण्याची चिन्हं दिसली. आपल्याकडे स्वमग्न म्हटलं की बोलणं आणि नजर एवढंच पाहतात. हाताकडे बघत नाही कुणी.

महोदय, हे शास्त्र महाराष्ट्राला नवं नाही. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर इथल्याच होऊन राहिलेल्या कमला निंबकरांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली व्यवसायोपचार शाळा काढली, ती 1950 साली. पुढं मुंबईत आणखी निघाल्या, नागपूरला सरकारी निघाली. पाऊणशे वर्षं झाली, पण गोदावरी-मांजरेच्या काठाला हे शिक्षण आल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. वैद्यकीयच्या जागांसाठी मराठवाडा भांडला, 2020 साली 70:30 चं प्रादेशिक कोट्याचं सूत्र रद्द करून घेतलं. त्या सगळ्या भांडणात बीओटीएचचा शब्द कुणी काढल्याचं मला आठवत नाही. माझ्या मेसमधल्या पोरांनीही नाही, आणि तेव्हा मीही नाही.

मुलं शोधण्याची सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. पथकं अंगणवाडीत आणि शाळेत येतात, त्यांच्या यादीत स्वमग्नताही आहे आणि हालचालींतलं मागेपणही. जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. हा कार्यक्रम तुमच्या खात्याचा नाही, आरोग्य खात्याचा आहे, ठाऊक आहे मला. पण तिथं बसवायचा माणूस घडवणं तुमच्या खात्याचं काम आहे. लातुरात 'उमंग' हे ऑटिझमचं केंद्र उभं राहिलं, हरंगुळला 'संवेदना' सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी झटते. पण किनवट, माहूर, देगलूर, उदगीर, निलंगा इथल्या पोरांनी आठवड्याला दोनदा कुठवर प्रवास करायचा? मजुरी बुडवून आई येणार किती दिवस? राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यातून थेरपीचा खर्च मिळतो म्हणतात. थेरपी देणाराच नसेल तर बिल कुणाचं लावायचं?

माझं मागणं एकच आहे. नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, यांतल्या एकाला जोडून बीओटीएचचं सरकारी महाविद्यालय सुरू करा. दोन गावांत मानापमान नकोत. लातूरला दिलंत तरी आम्ही अहमदपूरमार्गे येऊ. शिकणारी पोरं आली की त्यांच्या ओपीडीत आमची मुलं येतील, आणि इथल्या घरची पोरं इथं शिकली तर निदान काही जण इथंच राहतील. 2016 च्या दुष्काळात याच सरकारी यंत्रणेनं मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी पोचवलं होतं. मनावर घेतलं की होतं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

आज मंजुरी मिळाली तरी पहिली तुकडी बाहेर पडेपर्यंत माझा मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा होईल. त्याची सहापैकी दोन बटणं आता तो स्वतः लावतो, बाकीचं आम्ही मायलेक बघून घेऊ. हे पत्र आज अंगणवाडीत असलेल्यांसाठी आहे.

यंदा जमत नसेल तर पुढच्या वर्षी, पण प्रवेशाच्या यादीत बीओटीएचपुढं नांदेड किंवा लातूर हे नाव येऊ द्या. माझ्या मेसमधली दोन-चार पोरं तरी ते पहिल्या पाचांत भरतील, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.

आपली,
एक मेसवाली काकू,
नांदेड