गाळाच्या धरणांना पहारा कुणाचा?

धरण फुटले म्हटले की आपल्याला १९६१ चे पानशेत आठवते. परंतु खाणींच्या प्रदेशात दुसऱ्याच जातीची धरणे असतात. खनिज दळून, धुऊन घेतल्यावर उरणारा पातळ गाळ साठवण्यासाठी ती बांधतात. पाण्याचे धरण एकदा बांधून होते. गाळाचे धरण मात्र खाण चालू असेतोवर थराथराने वाढवत नेतात. यातली सर्वांत स्वस्त रीत म्हणजे जुन्या गाळावरच बांधाचा पुढचा थर चढवणे. खालचा गाळ ओला राहिला, तर एखाद्या क्षणी तो द्रवासारखा वाहू लागतो.

२५ जानेवारी २०१९ रोजी ब्राझीलमधील ब्रुमादिन्यो येथे हेच झाले. 'व्हाले' कंपनीचे ८६ मीटर उंचीचे धरण पाहता पाहता कोसळले. त्यात २०१६ पासून नवा गाळ टाकलाही जात नव्हता! कंपनीचे कार्यालय आणि कामगारांचे उपाहारगृह धरणाच्या खालच्या अंगाला होते, आणि वेळ जेवणाची होती. भोंगा वाजलाच नाही. २७० माणसे गेली. उपाहारगृह कुठे नसावे, हे कळायला अभियांत्रिकीची पदवी लागते का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

त्याआधी २०१५ मध्ये त्याच मिनास जेराइस राज्यात, व्हाले आणि बीएचपी यांच्या भागीदारीतल्या खाणीचे धरण फुटून १९ जण मेले होते. चिलीने तर १९६५ च्या एल कोब्रे दुर्घटनेनंतर, १९७० मध्येच ही स्वस्त रीत बंद केली होती. ब्राझीलला त्यासाठी २०१९ उजाडावे लागले.

ब्रुमादिन्योनंतर सूत्रे हलली ती अनपेक्षित ठिकाणाहून. इंग्लंडच्या चर्चचे पेन्शन मंडळ आणि स्वीडनचे सरकारी पेन्शन फंड यांचे पैसे खाण कंपन्यांत गुंतलेले होते. त्यांनी सातशेहून अधिक कंपन्यांना विचारले, तुमची गाळाची धरणे कुठे, किती उंच, कोणत्या रीतीची, ते जाहीर करा. पाद्र्यांच्या पेन्शनने जे साधले, ते सरकारांना साधले नव्हते. पुढे बड्या खाण कंपन्यांची आंतरराष्ट्रीय परिषद, संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम आणि गुंतवणूकदारांची संघटना यांनी मिळून ऑगस्ट २०२० मध्ये जागतिक मानक ठरवले. परिषदेच्या सभासदांनी सर्वांत धोकादायक धरणांसाठी २०२३ ची आणि बाकीच्यांसाठी २०२५ ची मुदत स्वतःवर घालून घेतली. एकाच्या धरणाची बदनामी सगळ्यांनाच भोवते, म्हणून स्पर्धक एकत्र बसले. हेतू काही का असेना, मला ते स्वागतार्ह वाटते.

पण मानक ऐच्छिक आहे. शिवाय ब्रुमादिन्योच्या धरणाला फुटण्याच्या चारच महिने आधी सुरक्षिततेचा दाखला मिळाला होता. तो देणाऱ्या जर्मन तपासणी संस्थेचे बिल व्हालेच भरत होती. ही गाठ सोडवण्यासाठी, स्वतंत्र तपासणीची व्यवस्था उभारणारी एक संस्था जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली. पुढच्याच महिन्यात झांबियात चिनी मालकीच्या तांब्याच्या खाणीचे धरण फुटले, आम्लयुक्त गाळ काफुए नदीत गेला आणि कितवे शहराचे नळ बंद पडले.

आपल्या २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याची व्याख्या नदीवर पाणी अडवणाऱ्या बांधांची आहे. खाणीच्या गाळाचा तिथे उल्लेख नाही. गोव्यात २०१८ मध्ये थांबलेल्या लोहखनिजाच्या खाणी लिलावानंतर पुन्हा सुरू होत आहेत. त्यांच्या गाळाची तळी तिथेच आहेत, आणि खाली शेते आणि वस्ती.