पोलादी टोप

एका सोमवारी मधल्या सुट्टीत आमच्या शाळेच्या मैदानावर 'युद्ध' सुरू झाले. आदल्या दिवशी मुलांनी टीव्हीवर एक युद्धपट पाहिला होता. फूटपट्ट्यांच्या बंदुका झाल्या. तोंडाने 'धाड्‌ धाड्‌' आवाज काढत मुले एकमेकांवर गोळ्या झाडू लागली. घंटा झाली, तसे सगळे 'मेलेले' सैनिक उठले आणि कपडे झटकून वर्गात आले. मला हसू आले. पण खऱ्या युद्धात मेलेला माणूस घंटा झाली म्हणून उठत नाही. ही गोष्ट किती युद्धपट आपल्याला सांगतात?

एक जुना चित्रपट ती सांगतो. त्याचे नाव 'द स्टील हेल्मेट', म्हणजे 'पोलादी टोप'. कोरियात जून १९५० मध्ये युद्ध पेटले आणि जानेवारी १९५१ मध्ये हा चित्रपट पडद्यावर आला. त्याचे अमेरिकन दिग्दर्शक सॅम्युअल फुलर स्वतः दुसऱ्या महायुद्धात पायदळात लढले होते. त्यांच्याजवळ पैसे थोडे होते. सुमारे १,०४,००० डॉलर खर्चात, अवघ्या १० दिवसांत त्यांनी चित्रीकरण पूर्ण केले. कोरियाचे रान म्हणून लॉस एंजेलिस शहरातील ग्रिफिथ पार्क दाखवले. २५ विद्यार्थ्यांना सैनिकांचे कपडे घातले. रणगाडा तर चक्क प्लायवूडचा होता!

कथा साधी आहे. सार्जंट झॅकच्या टोपाला गोळीने भोक पडले आहे, पण तो वाचला आहे. त्याचे बांधलेले हात एक अनाथ कोरियन मुलगा सोडवतो. झॅक तोंडाने कठोर बोलतो. मुलगा मात्र त्याची पाठ सोडत नाही. पुढे तो मुलगा गोळी लागून मरतो. त्याच्या पाठीवर एक चिठ्ठी सापडते. झॅकला आपण आवडावे, अशी प्रार्थना त्याने लिहिलेली असते. पकडलेला शत्रूचा अधिकारी तिची थट्टा करतो. झॅकचा तोल जातो आणि तो निःशस्त्र कैद्याला गोळी घालतो. आपल्या बाजूचा माणूसही युद्धात गुन्हा करतो, हे फुलर लपवत नाहीत. या प्रसंगावरून त्यांच्यावर टीका झाली. असे प्रकार आपण महायुद्धात पाहिले आहेत, असे त्यांनी सांगितले.

आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. या तुकडीत एक काळा सैनिक आहे आणि एक जपानी वंशाचा. कैदी त्यांना डिवचतो. एकाला म्हणतो, तुझ्या देशात तुला बसमध्ये मागे बसवतात. दुसऱ्याला म्हणतो, महायुद्धात तुमच्या लोकांना छावण्यांत डांबले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. ते दोघे त्या नाकारत नाहीत आणि आपले कर्तव्यही सोडत नाहीत. देशावर प्रेम करण्यासाठी देशाच्या चुका झाकाव्या लागत नाहीत, हे यापेक्षा सोप्या रीतीने कसे सांगावे?

कोणी म्हणेल, "सर, चित्रपट काळा-पांढरा आहे. रणगाडाही खोटा दिसतो." खरे आहे. पण मोठ्या चित्रपटांत रणगाडे खरे असतात आणि माणसे खोटी असतात. येथे नेमके उलटे आहे. प्रदर्शित झाला तेव्हा हा चित्रपट चांगला चालला. पुढे मोठ्या युद्धपटांच्या गर्दीत मागे पडला. आपल्याकडे त्याचे नाव क्वचितच ऐकू येते. वरच्या वर्गांतील मुलांना तो शाळेत अवश्य दाखवावा आणि नंतर त्यावर चर्चा करावी, असे मला वाटते.

चित्रपट संपतो, पण 'समाप्त' अशी पाटी येत नाही. या कथेला शेवट नाही, अशा अर्थाचे शब्द येतात.

मित्रांनो, मधल्या सुट्टीत तुम्ही खुशाल खेळा. पण फूटपट्टीची बंदूक हाती घ्याल, तेव्हा त्या मुलाच्या पाठीवरची चिठ्ठी एकदा आठवून पाहा.