ऐन वेळचा विराम

कोजागिरी होऊन तिसरा-चवथा दिवस असेल. शनिवारीं सकाळीं पूजा आटोपून ओसरीवर बसलों होतों, तोंच आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजिवांचा अमेरिकेंतील ओहायो राज्यांतून फोन आला. तिकडे अद्याप शुक्रवारची रात्र होती. त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा तेथील हायस्कुलांत फुटबॉल खेळतो. चेंडूला किक मारून गुण मिळविणें एवढेंच त्याचें काम. त्या रात्रीं खेळाचे शेवटचे चार सेकंद उरले होते, संघ दोन गुणांनीं मागें होता आणि ३७ यार्डांवरून चेंडू खांबांमधून पार करावयाचा होता. मुलगा पाऊल उचलणार इतक्यांत प्रतिपक्षाच्या प्रशिक्षकानें टाइम-आऊट मागितला. मिनिटभरानें मुलगा पुन्हां उभा राहिला, आणि चेंडू डाव्या खांबाच्या बाहेरून गेला.

"काका, घरीं आल्यापासून तो जेवला नाहीं. त्या प्रशिक्षकानें मुद्दाम थांबवून याला घाबरविला, असें सगळे म्हणताहेत. तुम्हीच त्याला कांहीं सांगा." मुलानें फोन हातीं घेतला व एकच प्रश्न केला : "आजोबा, मी खरेंच घाबरलों का?"

विद्यार्थ्याच्या प्रश्नाला ठाऊक नसतां उत्तर देऊं नये हा नियम मीं नोकरींत कसाबसा पाळला. निवृत्त झाल्यावर तो कां मोडावा? आठ दिवसांची मुदत मागून घेतली व शोधास लागलों.

वाचकांपैकीं ज्यांचीं मुलेंबाळें तिकडे आहेत त्यांना ठाऊक असेलच कीं, अमेरिकेंतील फुटबॉल नांवापुरताच पायाचा. चेंडू लांबोडा, आणि तो बहुतेक हातांतच असतो. पायाचें खरें काम पडतें तें 'फील्ड गोल'च्या वेळीं. त्याचे ३ गुण. धंदेवाईक खेळाडूंच्या राष्ट्रीय लीगमध्यें दोन उभ्या खांबांतील अंतर साडेअठरा फूट असून आडवा दांडा जमिनीपासून १० फूट उंच असतो. एकानें पायांमधून चेंडू मागें फेकावा, दुसऱ्यानें तो भुईवर उभा धरावा, तिसऱ्यानें किक मारावी. हा सर्व व्यापार सुमारें सव्वा सेकंदांत उरकतो. प्रत्येक संघाला प्रत्येक अर्ध्या डावांत ३ टाइम-आऊट मिळतात. पूर्वी ते मैदानावरील खेळाडूच मागत. २००४ पासून मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या मुख्य प्रशिक्षकालाही तो अधिकार मिळाला. तेव्हांपासून पंचाच्या शेजारीं उभें राहून अगदीं शेवटच्या क्षणीं विराम मागण्याची युक्ति रूढ झाली. तिकडच्या भाषेंत तिला किकरला बर्फांत घालणें म्हणतात.

या युक्तीची कीर्ति पसरली ती २००७ सालीं. सप्टेंबरांत डेन्व्हर व ओकलंड यांचा सामना बरोबरींत सुटून जादा वेळांत गेला होता. ओकलंडच्या सेबास्टियन यानिकोव्स्कीनें ५२ यार्डांवरून चेंडू पार केला, सहकारी नाचूं लागले, आणि मग कळलें कीं डेन्व्हरच्या माइक शानाहन यांनीं क्षणभर आधींच टाइम-आऊट घेतला होता. दुसरी किक खांबावर आदळली व सामना डेन्व्हरनें जिंकला. पुढच्याच आठवड्यांत ओकलंडच्या लेन किफिन यांनीं तोच प्रयोग क्लीव्हलंडच्या फिल डॉसनवर केला. त्याचीही पहिली किक पार, दुसरी फुकट. एवढ्यावर सर्वांची खात्री पटली. मात्र ऑक्टोबरांत बफलोनें डॅलसच्या निक फोकला ५३ यार्डांवर असेंच अडविलें, तेव्हां त्यानें दोन्ही किका पार केल्या व डॅलस २५-२४ असें जिंकलें. ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाहीं.

त्या वर्षींची डिसेंबरांतील गोष्ट तर मीं घरांत दोनदां सांगितली. वॉशिंग्टनचे जो गिब्स म्हणजे तीन वेळां अजिंक्यपद मिळविलेले प्रशिक्षक. बफलोचा रायन लिंडेल ५१ यार्डांवरून किक मारणार होता. गिब्स यांनीं विराम घेतला. लागलीच दुसराही मागितला. असे लागोपाठ दोन विराम घेणें नियमबाह्य; शिक्षा १५ यार्डांची. ५१ चे ३६ यार्ड झाले, लिंडेलनें चेंडू आरामांत पार केला आणि बफलो १७-१६ असें एका गुणानें जिंकलें. शत्रूला बर्फांत घालण्याच्या नादांत गृहस्थांनीं त्याला शेकोटी पेटवून दिली!

आतां ज्या किका चुकल्या त्यांकडे जरा बारकाईनें पाहूं. डॉसनची दुसरी किक वांकडी गेली नव्हती. ती प्रतिपक्षाच्या खेळाडूनें हातानें अडविली. जानेवारी २०१९ मध्यें शिकागोच्या कोडी पार्कीचेंही तेंच झालें. पहिली किक पार, पण फिलाडेल्फियाचा विराम आधींच लागलेला. दुसरी डाव्या खांबावर आपटून आडव्या दांड्यावर पडली व शिकागो १६-१५ असें हरलें. लोकांनीं पार्कीची छी:थू केली. दुसऱ्या दिवशीं लीगनेंच ती किक अडविली गेल्याची नोंद केली, कारण फिलाडेल्फियाच्या ट्रेव्हॉन हेस्टरचीं बोटें चेंडूला लागलीं होतीं. बोटें लागलीं हेस्टरचीं आणि यश गेलें टाइम-आऊटच्या पदरीं.

तेव्हां गोष्टी सोडून गणिताकडे वळणें भाग आहे. स्कॉट बेरी व क्रेग वुड या दोघांनीं २००२ व २००३ च्या हंगामांतील किका तपासून २००४ मध्यें लिहिलें कीं, निकराच्या प्रसंगीं विराम घेतल्यास परिणाम होतो. स्वच्छ हवेंत ४० यार्डांवरून सामान्य किकरचें यश शेंकडा सुमारें ७६ असतें तें ६६ वर येतें. हा आंकडा लहान नव्हे. परंतु अशा किका हंगामांत असतात किती? चाळीस किकांत चार इकडच्या तिकडे झाल्या कीं दहा टक्के झाले. पुढें टोबायस मॉस्कोवित्झ व जॉन वर्थहाइम यांनीं आपल्या २०११ च्या ग्रंथांत अधिक हंगामांचा हिशेब मांडला, तेव्हां विरामानें कांहीं फरक पडत असल्याचें त्यांना दिसलें नाहीं. २०१३ मध्यें क्लार्क, जॉन्सन व स्टिम्पसन यांनीं २००० पासून २०११ पर्यंतच्या जवळजवळ १२,००० किका एकत्र घेतल्या. त्यांच्या हिशेबांत फरक पाडणाऱ्या गोष्टी ठरल्या त्या अंतर, थंडी, वारा, पाऊस, मैदानाचा पृष्ठभाग आणि डेन्व्हरसारख्या उंच ठिकाणची विरळ हवा. टाइम-आऊट त्यांत नाहीं. फार काय, सामन्याची अटीतटीही नाहीं.

मग प्रशिक्षक तो घेतात कां? शेवटच्या क्षणीं उरलेला टाइम-आऊट घरीं नेतां येत नाहीं. तो न घेतां किक पार झाली तर दोष प्रशिक्षकाला. घेऊन पार झाली तर किकरची वाहवा. आपल्या अंगावर न यावें म्हणून केलेला हा विधि आहे, आणि अशा विधींना आपल्याकडे तरी कोठें तोटा आहे?

तरीही एका गोष्टीनें मला अस्वस्थ केलें. सीअन बायलॉक या मानसशास्त्रज्ञ बाईंनीं गोल्फच्या निष्णात खेळाडूंवर प्रयोग करून दाखविलें कीं, अंगवळणीं पडलेल्या क्रियेच्या एकेका पायरीकडे लक्ष द्यावयास लाविलें तर हात बिघडतो. हें वाचतांच मला माझाच एक अपराध आठवला. शाळेंत संस्कृत पाठांतराची स्पर्धा होती. एक मुलगा धबधब्यासारखा म्हणत होता. मीं हात वर करून त्याला थांबविलें व म्हणालों, "सावकाश. प्रत्येक पदाकडे लक्ष देऊन म्हण." तो पुढच्याच चरणांत अडखळला, मग रडला. मीं त्याच्या वहींत 'पाठांतर कच्चें' असा शेरा दिला! चाळीस वर्षें तो शेरा मला बरोबरच वाटत आला होता.

म्हणजे थांबविण्यानें कधींच कांहीं होत नाहीं असें म्हणण्याची माझी छाती नाहीं. पण माझा विद्यार्थी ओघांत असतांना अडला, आणि त्याला काय करावें तें कोणीं शिकविलें नव्हतें. किकरला तें शिकविलेलें असतें. तो मागें येतो, पावलें पुन्हां मोजतो, वारा पाहतो. शिट्टी उशिरां झाली तर चेंडू मारूनही घेतो, म्हणजे त्याला एक रंगीत तालीम फुकट मिळते. शेवटच्या क्षणाचा विराम या दृष्टीनें प्रतिपक्षाचेंच नुकसान करणारा.

ठरल्या दिवशीं मीं ओहायोला फोन केला. "बाळ, ३७ यार्डांवरून सरावांत दहांपैकीं किती पार होतात?"

"सात. कधीं सहा."

"मग त्या रात्रींची किक न पार झालेल्या तिघांपैकीं एक समज. तूं घाबरला होतास कीं नाहीं हें त्या एका किकेवरून मलाही सांगतां येणार नाहीं, आणि तुमच्या गांवांतल्या लोकांनाही नाहीं."

तो कांहीं वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "आजोबा, पण त्या मिनिटांत मी नुसता उभा होतों. खांबाकडे पाहत."

हें मला कोणत्याही हिशेबांत सांपडलें नव्हतें. मीं विचारलें, "पुढच्या वेळीं काय करशील?"

"पावलें मोजीन. परत पहिल्यापासून."

"आणि वारा?"

"तोही पाहीन," असें म्हणून त्यानें फोन आईकडे दिला. सरावाची वेळ झाली होती.